घंटागाडीचे पैसे

माकणी म्हटलं की धाराशिव-लातूरकडच्या माणसाला आधी धरण आठवतं. लोहारा तालुक्यातल्या या गावाजवळ तेरणा अडवून निम्न तेरणा प्रकल्प झाला आणि भोवतालच्या शेतीचं, पिण्याच्या पाण्याचं गणित या जलाशयाशी बांधलं गेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हाच पट्टा हादरला, जवळचं सास्तूर जमीनदोस्त झालं. त्यानंतरच्या तीस वर्षांत इथे घरांचा, रस्त्यांचा, पाण्याचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडला गेला. एक हिशेब मात्र मराठवाड्यातल्या बहुतेक मोठ्या गावांत अजून कुणी नीट मांडलेला नाही. तो घरातून रोज निघणाऱ्या कचऱ्याचा.

माकणीसारखी गावं दोन्ही बाजूंनी अडचणीत आहेत. तालुक्याच्या गावाला, लोहाऱ्याला, नगरपंचायत आहे. तिथे मुख्याधिकारी असतो, सफाईसाठी ठेका असतो. लहान वाडी-वस्तीवर घरामागे मोकळं परडं असतं, तिथे अजून बरंच काही जिरतं. मधल्या मोठ्या गावाकडे यातलं काहीच पुरेसं नसतं. दुकानं, हॉटेलं, कृषी सेवा केंद्रं, शाळा, लग्नसराई सगळं शहरासारखं वाढतं, आणि कचरा उचलण्याची जबाबदारी मात्र एका ग्रामसेवकाच्या आणि दोन-तीन कर्मचाऱ्यांच्या ग्रामपंचायतीवर येते. अशा गावात एक साधा प्रश्न विचारायचा आहे. रोज सकाळी दारात गाडी येऊन कचरा नेणार असेल, तर तुमचं घर महिन्याला किती रुपये द्यायला तयार आहे?

प्रश्न साधा वाटला तरी त्याच्या मागे मोठा इतिहास आहे. कालपरवापर्यंत खेड्यातल्या घराला कचऱ्यासाठी पैसे मोजावे लागत नव्हते. उलट कचऱ्यातूनच पैसे येत. प्रत्येक घराचा उकिरडा ठरलेला असे. शेण, गोठ्यातलं गवत-काडी, चुलीची राख, भाजीची देठं, खरकटं सगळं तिथे जाई. उन्हाळ्यात उकिरडा उपसून गाड्यांनी शेतात खत पडे. ज्याला शेत नव्हतं तो गाडीच्या भावाने खत विकत असे. उकिरड्याच्या जागेवरून भावाभावांत भांडणं होत, कारण ती जागा मोलाची होती. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या कचऱ्याकडे खत म्हणून पाहिलं, त्याला आता तो नेण्याचे पैसे मागितले तर पहिला धक्का बसणारच. त्याला कंजूषपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

पण उकिरडा बदलला आहे. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या गेल्या, दावणीची जनावरं घटली, शेणच कमी झालं. त्याच वेळी दुकानातून येणारी प्रत्येक वस्तू वेष्टनातून येऊ लागली. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच, दुधाच्या पिशव्या, चहाचे कागदी कप, लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, लहान मुलांचे डायपर, सॅनिटरी पॅड, सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या, तणनाशकाचे रिकामे डबे यातलं काहीही कुजत नाही. उकिरड्यात मिसळलं की खतही वाया जातं आणि नांगराच्या फाळाला प्लास्टिकच्या चिंध्या लागतात. मग लोक दोनच गोष्टी करतात: पेटवून देतात किंवा ओढ्याच्या काठावर टाकतात. धूर घरातल्या बायका-मुलांच्या छातीत जातो. ओढ्यातलं पहिल्या मोठ्या पावसात नदीला मिळतं. तेरणेतलं मांजरेत आणि मांजरेतलं गोदावरीत जातं. नदीकाठी वस्ती असलेल्या आणि धरणाचं पाणी पिणाऱ्या मुलखाला ही गोष्ट परवडणारी नाही.

तेव्हा गरज आहे. तरीही घरोघर विचारत गेलं, तर बरीच उत्तरं शून्य येतात. या शून्याचा अर्थ काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अर्थशास्त्रात या प्रकारच्या विचारपुशीची एक स्वतंत्र पद्धत आहे. ज्या गोष्टीला बाजारभाव नाही, उदाहरणार्थ स्वच्छ हवा, जंगल, निर्मळ नदी, तिच्यासाठी लोक किती पैसे द्यायला तयार आहेत हे थेट लोकांनाच विचारून काढायचं. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा त्या नुकसानीची किंमत ठरवताना या पद्धतीवर मोठं वादळ उठलं. अमेरिकी सरकारने केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलविजेत्यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचं मंडळ नेमलं. १९९३ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातली एक शिफारस आपल्या ग्रामसभेलाही लागू पडते. माणसाला ‘किती देशील’ असं मोघम विचारू नका. ‘अमुक सेवा अमुक रुपयांना मिळेल, हो की नाही’ असं मतदानासारखं विचारा. मोघम विचारलं की माणूस एक तर पाहुण्याला बरं वाटावं म्हणून मोठा आकडा सांगतो, नाही तर उद्या पट्टी वाढेल या भीतीने शून्य सांगतो.

या पद्धतीच्या अभ्यासकांनी शून्याचे दोन प्रकार वेगळे केले. एक खरं शून्य: घरात पैसाच नाही, किंवा त्या सेवेची गरजच नाही. दुसरं निषेधाचं शून्य: सेवा हवी आहे, पैसेही देता येतील, पण मागणाऱ्यावर विश्वास नाही. सर्वेक्षणाच्या कागदावर दोन्ही सारखीच दिसतात आणि सरकारी टेबलावर दोन्हींचा एकच अर्थ लावला जातो, की ‘लोकांची पैसे द्यायची तयारी नाही’. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कचऱ्याच्या धोरणाची सगळ्यात मोठी चूक इथेच आहे.

निषेधाचं शून्य कुठून येतं हे खेड्यात शोधायला फार लांब जावं लागत नाही. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नमुना ८ ची नोंदवही असते. तुमच्या घराची आकारणी त्यात लिहिलेली असते आणि तिच्यात घरपट्टीच्या शेजारी दिवाबत्ती कर, आरोग्य किंवा सफाई कर, पाणीपट्टी असे रकाने असतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मधल्या कलम १२४ ने पंचायतीला हे कर बसवण्याचा अधिकार दिला आहे आणि गावाची स्वच्छता हे तिचं कर्तव्य त्याच कायद्यातल्या ग्रामसूचीत लिहिलेलं आहे. म्हणजे सफाईच्या नावाचा एक आकडा गावकऱ्याच्या पावतीवर आधीपासून आहे. तो भरूनही गटार तुंबलेलं असेल आणि चौकातला ढीग महिनोन्‌महिने हलत नसेल, तर नव्या शुल्काची मागणी आल्यावर तो विचारणारच की आधीच्या पैशांचं काय झालं. या प्रश्नाला ग्रामपंचायतीने उत्तर दिलं पाहिजे. आधीचा कर इतका जुना आणि तुटपुंजा आहे की त्यात रोजची गाडी चालणं शक्यच नाही, हेही खरं आहे. पण ते आकड्यांसकट सांगावं लागतं, आणि सांगितलं जात नाही.

शहरांतही हेच घडलं. केंद्राच्या घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार कचरा निर्माण करणाऱ्याने तो वेगळा करून द्यायचा होता आणि स्थानिक संस्था ठरवेल ते वापर शुल्क भरायचं होतं. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ साली घरामागे महिन्याला ६० रुपये मालमत्ता कराच्या बिलात जोडले गेले, लोक संतापले आणि वसुलीला राज्य सरकारकडून स्थगिती आली. मुंबई महापालिकेने १ एप्रिल २०२५ रोजी उपविधीचा मसुदा काढला. ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिन्याला १००, तीनशेपर्यंत ५०० आणि त्याहून मोठ्या घराला १,००० रुपये. तिथेही विरोधाचा पूर आला. दोन्ही ठिकाणी कागदावरचा क्रम एकच होता: आधी बिल, मग सेवेतल्या सुधारणेचं आश्वासन. हा क्रमच उलटा आहे.

पैसे न देण्याची किंमत काय असते, हे मराठवाड्याने जवळून पाहिलं आहे. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा कचरा वर्षानुवर्षं नारेगावला ओतला जात होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि लाखोंच्या शहराचा कचरा रस्त्यावर साचू लागला. ७ मार्चला शहरालगतच्या मिटमिट्याला कचऱ्याच्या गाड्या नेताना दगडफेक, लाठीमार, जाळपोळ झाली. महापालिका आयुक्तांची बदली झाली, पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं. नारेगावच्या लोकांनी आपल्या विहिरींतून, आपल्या श्वासातून इतकी वर्षं शहराचं बिल भरलं होतं. शहराने कचऱ्याचे पैसे मोजले नाहीत म्हणजे ते कुणीच मोजले नाहीत असं होत नाही.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत आणि ती जास्त शिकवणारी आहेत. पुण्यात १९९३ साली कचरावेचक बायकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांचं तिला नेतृत्व लाभलं. पुढे याच बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेबरोबर तिचा करार झाला. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा आणि महिन्याचं शुल्क त्याच घरातून स्वतः हातात घ्यायचं, अशी ही रचना आहे. सुरुवात दहा-वीस रुपयांपासून झाली, मग दर वाढत गेला. तिथेही काही घरं पैसे बुडवतात, कुरकुर करतात. पण या पद्धतीत एक गोष्ट घडली. जी बाई कचरा नेते तिलाच पैसे द्यायचे आहेत हे गृहिणीला दिसतं, आणि ती आली नाही तर जाब कुणाला विचारायचा हेही कळतं. पैसे देण्याची तयारी मोजण्याचं याहून चांगलं सर्वेक्षण मला माहीत नाही. हजारो दारांवर दर महिन्याला त्याचं उत्तर मिळतं.

शहर सोडून गावाकडे पाहायचं तर केरळ पाहावं. तिथे कुटुंबश्री या महिला बचत गटांच्या जाळ्यातल्या बायकांची हरितकर्म सेना ग्रामपंचायतीच्या वतीने घरोघर जाऊन न कुजणारा कचरा गोळा करते आणि खेड्यात घरामागे महिन्याला साधारण ५० रुपये घेते. सुरुवातीला तिथेही ‘पैसे द्यायची सक्ती नाही’ अशा बातम्या फिरल्या आणि बायकांना दारातून परत पाठवलं गेलं. मग मार्च २०२३ मध्ये कोचीजवळच्या ब्रह्मपुरमचा कचराडेपो पेटला, शहर दिवसच्या दिवस धुरात राहिलं, आणि राज्याने कायदा कडक केला. थकलेलं शुल्क मालमत्ता करासारखं वसूल करण्याची तरतूद आली. केरळच्या या व्यवस्थेत मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ओला कचरा तिथे घराघरातच जिरवायचा असतो. पैसे फक्त सुक्या कचऱ्याचे. माकणीला हे नेमकं लागू पडतं. इथल्या घराला शेण-पाचोळ्यासाठी गाडी नको आहे, उकिरडा अजून पुरेसा आहे. गाडी हवी आहे ती उकिरड्याला न पेलणाऱ्या वस्तूंसाठी, आणि ती रोज नाही, आठवड्यातून दोनदा आली तरी चालेल. सेवा अशी आखली की खर्चही कमी होतो.

महाराष्ट्रातल्या गावांत कर आणि सेवा यांची गाठ सर्वांत ठळक घातली ती छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने. भास्करराव पेरे पाटील यांच्या कारकिर्दीत त्या ग्रामपंचायतीने सगळे कर वेळेवर भरणाऱ्या कुटुंबाला वर्षभर दळण मोफत दिलं. गिरणीवर डबा घेऊन जाणाऱ्या बाईला पावतीचा अर्थ कळला. कर भरला की त्यातलं काहीतरी आपल्या घरात परत येतं, हा अनुभव एकदा आला की पुढच्या वर्षी वसुलीसाठी नोटिसा काढाव्या लागत नाहीत.

इथे बाईचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. सर्वेक्षणाचा माणूस येतो तेव्हा उत्तर कुटुंबप्रमुख देतो. कचरा भरून ठेवणं, टाकून येणं, पेटवणं, धूर गिळणं हे सगळं मात्र घरातल्या बाईच्या वाट्याला असतं. मासिक पाळीचे पॅड कुठे टाकायचे हा प्रश्न ओसरीवर बसलेल्या माणसाच्या हिशेबात येतच नाही. ज्या हाताला सेवेची गरज आहे त्याच्याकडे पैशाचा निर्णय नाही, आणि ज्याच्याकडे निर्णय आहे त्याला गरज दिसत नाही. म्हणून हा विषय आधी महिला ग्रामसभेत, बचत गटांच्या बैठकीत मांडला गेला पाहिजे. तिथला आकडा आणि ओसरीवरचा आकडा वेगळे निघतील, याची मला खात्री आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला अवघड आहे, पण टाळता येणार नाही. गावाची घाण उचलण्याचं काम आपण शतकानुशतकं जातीवर सोपवलं. त्याचा मोबदला होता शिळी भाकर, बलुत्याचं धान्य, आणि वर अपमान. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात, गावकामाला जातीने बांधणाऱ्या महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं होतं. वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावं लागलं. पण मनातला हिशेब संपला नाही. कचरा उचलणं हे कुणाचं तरी ‘काम’च आहे, त्याला वेगळे पैसे कशाला, ही भावना त्याच हिशेबातून येते. सफाई कामगाराला महिनोन्‌महिने पगार मिळाला नाही तरी गावाला त्याची लाज वाटत नाही, तीही त्याचमुळे. म्हणून घंटागाडीचं शुल्क ही माझ्या लेखी निव्वळ वसुली नाही. ठरलेल्या तारखेला, बँक खात्यात, पावतीसह दिलेली मजुरी आणि हातमोजे, गमबूट, विमा एवढं त्या शुल्कातून उभं राहणार असेल, तरच ते मागण्याचा नैतिक अधिकार पंचायतीला आहे.

गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१ मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावंच्या गावं झाडू घेऊन बाहेर पडली. त्या अभियानाने हजारो गावांचं रूप पालटलं, हे मान्य करूनही म्हणावं लागतं की श्रमदानाने एक दिवसाचा, एका मोसमाचा कचरा निघतो. रोजच्या कचऱ्याला रोजची मजुरी लागते. ती श्रमदानातून येत नाही.

आता आकडे मांडून पाहू. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून, घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी ६० आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत निधी ठरला. त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. सहा हजार लोकवस्तीच्या गावाला हे २ लाख ७० हजार होतात, त्यातले ८१ हजार पंचायतीचे. एवढ्यात गाडी येते, कचरा वेगळा करायला शेड होते. पण हा निधी एकदाच मिळतो. गाडी चालवायला लागणारा पैसा दर महिन्याला लागतो आणि तो दिल्लीहून येत नाही. गावागावांत बंद पडलेल्या घंटागाड्यांचं कारण या एका फरकात आहे.

समजा, गावात हजार उंबरे आहेत. एक चालक आणि दोन मदतनीस, प्रत्येकी १२ हजार धरले तर ३६ हजार. इंधन-दुरुस्ती ६ हजार. महिन्याला ४२ हजार, म्हणजे घरामागे ४२ रुपये. पहिल्या वर्षी सगळी घरं देणार नाहीत. हजारातल्या सहाशे घरांनी ४० रुपये दिले तर २४ हजार जमतात आणि १८ हजारांची तूट राहते. ती दुकानं, हॉटेलं, मंगल कार्यालयांच्या जास्त दरातून, सुक्या कचऱ्याच्या विक्रीतून आणि पंचायतीच्या स्वनिधीतून भरावी लागेल. लोक नाराज होऊ नयेत म्हणून दहा रुपये लावणारी पंचायत स्वतःला फसवते. दहा रुपयांत मजुरी बुडते, मजुरी बुडली की गाडी थांबते, आणि गाडी थांबली की पुढच्या सर्वेक्षणात पुन्हा शून्य येतं. निराधार, विधवा, भूमिहीन घरांना माफी असावी, आणि ती यादी ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरावी.

माकणीच्या आणि तिच्यासारख्या प्रत्येक मोठ्या गावाच्या सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि बचत गटांतल्या बायांना माझं एवढंच सांगणं आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आधी गेल्या तीन वर्षांच्या सफाई कराची जमा आणि खर्च मोठ्याने वाचून दाखवा. मग तीन महिने गाडी विनाशुल्क, ठरल्या दिवशी, न चुकता चालवा. त्यानंतर १ मेच्या ग्रामसभेत एकच प्रश्न मतदानाला टाका: ही सेवा महिन्याला चाळीस रुपयांत चालू ठेवायची, की बंद करायची? आणि बहुमत ‘चालू’ म्हणालं, तर पहिल्या महिन्याच्या शुल्कातला पहिला रुपया गाडीवरच्या माणसांच्या पगाराला जाऊ द्या.